जांभळ्या उजेडातले बुडखे

"आशे, पाहू काय राहिली? घाल विळा!"

फोपनारच्या केळीच्या बागेत सासूचा हा आवाज घुमला, तेव्हा आशाबाई नवी नवरी होती. हातातला चुडा अजून नवा होता. समोर केळ उभी होती. घड नुकताच उतरवला होता आणि कापल्या दांड्यातून पांढरा चीक थेंब थेंब गळत होता. वारा सुटला की जिला बांबूचा टेकू द्यायला पळायचं, जिच्या घडाला उन्हाची झळ लागू नये म्हणून वाळकं पान गुंडाळायचं, तिलाच आज आडवी करायची? आशाबाईचा हात उठेना.

"आत्याबाई, राहू द्या ना उभी थोडे दिवस."

"उभी राहून काय करीन ती? तिचं झालं. तिच्या पायाशी पाह्य जरा, पील उभं आहे. माय हटल्याबिगर पिलाले ऊन भेटते का?"

मग तिने डोळे मिटून विळा घातला. खोडातलं गार पाणी तोंडावर उडालं. पुढे हात सरावला, आणि किती केळी आडव्या केल्या याचा हिशोब कोण ठेवतो? निसवली, घड दिला, की कापायची. तिच्या बुडातून पील वर येणार, ते निसवणार, ते कापायचं. तिचा नवरा कौतिक जिवंत असेपर्यंत तिचं आयुष्य या फेऱ्यातच फिरलं. तो गेला, बाग वाट्याने दिली, आणि आशाबाई लेकाकडे बऱ्हाणपुरात राहायला आली.

लेक योगेंद्र शाळेत गणित शिकवायचा. घर शनवारा वेशीजवळच्या एका गल्लीत होतं, एकाला एक खेटून उभ्या घरांपैकी एक. मागच्या भिंतीपलीकडे यंत्रमाग होते. दिवसभर त्यांची खटखट भिंतीतून घरात यायची, आणि वीज गेली की एकदम असं शांत व्हायचं की आशाबाईला वाटायचं, कोणीतरी गेलं.

मधल्या खोलीला खिडकी नव्हती. सून गायत्रीने तीच खोली मागून घेतली होती. तिथे लोखंडी रॅक लावले, रॅकच्या प्रत्येक फळीखाली दिव्याच्या नळ्या बसवल्या. बटन दाबलं की खोलीभर जांभळा उजेड पसरायचा. माणसाचा हात त्यात मेल्यासारखा दिसायचा, आणि पानं काळी. या उजेडात गायत्रीने ऑर्किड लावली होती. माती नाही. नारळाच्या सालीचे तुकडे, थोडा कोळसा, आणि त्यात बोटाएवढी जाड मुळं. त्या खोलीत दिवस टायमरवर उगवायचा आणि टायमरवर मावळायचा.

लग्नाआधी गायत्री केळीची रोपं बाटलीत वाढवणाऱ्या एका लॅबमध्ये कामाला होती. चिमट्याने रोप धरायचं, कापायचं, दुसऱ्या बाटलीत ठेवायचं, ट्यूबलाइटखाली रांगेत लावायचं. त्या उजेडाची तिला सवय होती. आशाबाईला मात्र नवल वाटायचं.

"केळ बाटलीत, फूल कोळशात," ती म्हणायची. "उद्या पोरंबी डब्यात वाढवशाल का तुम्ही?"

"आई, ते पण निघालंय," गायत्री म्हणायची, आणि दोघी पोट धरून हसायच्या.

कारण तेव्हा हसण्याचे दिवस होते. आधी दोनदा गर्भ राहून गळला होता. या वेळी मात्र दिवस पुढे सरकत होते, पोट दिसू लागलं होतं. डॉक्टरने गायत्रीला जिना चढू नको, वाकू नको म्हणून सांगितलं, तेव्हापासून ती त्या खोलीतच खुर्ची टाकून बसायची. आणि काय योग पाहा, त्याच हिवाळ्यात सगळ्या रॅकवर फुलं आली. पांढरी, गुलाबी, एक पिवळं लाल ठिपक्यांचं. एकेका दांडीवर ओळीने, पाकोळ्या बसल्यासारखी. शेजारची मालूबाई पाहायला आली आणि बोट लावून म्हणाली, "खरी आहेत वो! मले वाटलं, कागदाची."

आशाबाई दारात भाजी निवडत बसायची आणि बागेतली ओवी गुणगुणायची:

*केळीच्या बागेत गं, पानाला लागे पान,*
*आईच्या पायाशी गं, उभं लेकरू लहान.*

"परत म्हणा ना, आई," गायत्री म्हणायची आणि पोटावर हात ठेवून ऐकायची.

फाल्गुनात एका सकाळी गायत्री मोरीतून बाहेर आली ती भिंत धरून. मागे लादीवर रक्त. इथल्या डॉक्टरने हात लावायलाच नकार दिला, इंदूरला न्या म्हणाला. गाडीत बसवताना तिचा चेहरा चुन्यासारखा झाला होता, तरी ती आशाबाईचा हात सोडेना. "आई, माझी झाडं सांभाळा. पाणी जास्त नका देऊ. आणि लाइट बंद होऊ देऊ नका."

संध्याकाळी योगेंद्रचा फोन आला.

"आई, बाळ गेलं."

आशाबाई जिथे होती तिथे खाली बसली.

"आणि आई... रक्त थांबतच नव्हतं. पिशवी काढावी लागली. नाहीतर ही पण गेली असती. मी हो म्हणालो."

"बरं केलं, राजा. बरं केलं. ती कशी आहे?"

"शुद्धीवर आली. बाळाचं सांगितलं. पिशवीचं नाही सांगितलं. मी डॉक्टरांना हात जोडले, म्हणालो, मीच सांगीन, धीराने सांगीन. आई, तू नाही बोलायचं. कोणापाशीच नाही. तुला माझी शपथ."

लेकाची शपथ. ज्याला जन्म देताना तिने देवाला काय काय कबूल केलं होतं, त्या एकुलत्या एका लेकाची. आशाबाई म्हणाली, "नाही बोलणार."

गायत्रीला तिकडेच ठेवून घेतलं. ताप चढला, टाक्यांत पू झाला, आज सोडतो उद्या सोडतो करत मुक्काम वाढत गेला. इकडे रिकाम्या घरात आशाबाई, मागांची खटखट आणि तो जांभळा उजेड. सकाळी उठली की ती आधी त्या खोलीत जायची. आणि एक दिवस फुलं गळायला लागली. आधी खालचं, मग त्याच्या वरचं. लादीवर मऊ, मलूल पडलेली. ती एकेक वेचून परातीत ठेवायची आणि संध्याकाळी तुळशीपाशी टाकायची. शेवटी उरल्या नुसत्या दांड्या आणि त्यांच्याखाली रुंद, जाड, गप्प पानं.

आशाबाईने त्या पानांकडे पाहिलं. दिलं होतं त्यांनी. त्यांचं झालं होतं.

सुनेसाठी तिला काहीच करता आलं नव्हतं. तिथे जाऊन डोक्याशी बसताही आलं नाही. पण हे काम तिला येत होतं. हे काम तिच्या हाताला पाठ होतं. उभ्या ठेवल्या तर खालून पील कसं येणार? गायत्री परत येईल, खोलीत जाईल, आणि तिला बुडाशी नवे कोंब दिसतील. रिकाम्या दांड्या पाहण्यापेक्षा ते बरं नाही का? तिने माळ्यावरून विळा काढला. धार होतीच. एकेक कुंडी खाली घेतली, पानांचा झुबका मुठीत धरला आणि बुडापासून कापला. गार पाणी काही उडालं नाही, एवढंच तिला वेगळं वाटलं. जखमेवर चुलीची राख लावावी तशी तिने उदबत्तीची राख लावली. सगळ्या कुंड्या पुन्हा रॅकवर लावल्या. बटन चालूच ठेवलं.

गायत्री आली तेव्हा उन्हं कडक झाली होती. अंगावरचं लुगडं काठीला गुंडाळल्यासारखं दिसत होतं. आल्या आल्या ती सरळ त्या खोलीत गेली. आशाबाई मागे मागे, जराशी उत्सुक, जराशी धास्तावलेली.

जांभळ्या उजेडात राख लावलेले बुडखे रांगेने उभे होते.

"कोणी केलं?"

"मी केलं, बेटा. फुलं गळाली ना. म्हटलं, पील येईन..."

"आई," गायत्री म्हणाली, आणि तिचा आवाज इतका हळू होता की मागांच्या खटखटीत जेमतेम ऐकू आला, "आई, ही केळ नाही हो. हिला दरवर्षी फुलं येतात. त्याच झाडाला. याच पानांतून ती जगते."

आशाबाईने रॅकचा खांब धरला. रडावं तर रडायचा हक्क कोणाचा, तेही कळेना. गायत्री मात्र तिला एक शब्दही टाकून बोलली नाही. तिनेच सासूला खुर्चीवर बसवलं. मग कुंड्या एकेक हातात घेऊन तिने मुळं दाबून पाहिली. "मुळं जिवंत आहेत," ती म्हणाली. "कधी कधी बुडाला डोळा असतो. बघू. एखाद्याला फुटवा येईल."

"येते का खरंच?"

"कधी कधी."

तेव्हापासून गायत्री त्या खोलीचीच झाली. योगेंद्र शाळेत गेला की ती खुर्ची घेऊन बसायची, फवाऱ्याने मुळांवर पाणी मारायची, भिंगातून बुडखे पाहायची. कुजलेला एखादा निघायचा, तो उचलून बाहेर ठेवायची. रॅक हळूहळू रिकामे होत गेले. पण रिकाम्या फळीखालचा दिवाही ती बंद करू द्यायची नाही.

आणि अधूनमधून, बुडख्यांकडेच पाहत, विचारायची, "आई, मला अजून पाळी आली नाही. किती दिवसांनी येते हो?"

"रक्त फार गेलं ना बेटा. भरून निघायले टाइम लागते."

हे वाक्य योगेंद्रने शिकवलेलं. डॉक्टरकडे टाके दाखवायला न्यायचा तेव्हाही तो आधी एकटा आत जायचा, मग तिला बोलवायचा. अशक्तपणा आहे म्हणतात डॉक्टर, वर्षभर लागेल म्हणतात. गायत्री मान डोलवायची. गोळ्या घ्यायची, बीट खायची, खजूर खायची. आशाबाई तिला खजूर निवडून द्यायची.

जेठ सरता सरता मालूबाईने धूलकोटच्या कोण्या जडीबुटीवाल्याकडून काढ्याची पुडी आणली. "माझ्या भाचीले याच्यानेच सुरू झाली," ती म्हणाली. "दोन पुड्या अन् काम फत्ते." गायत्रीने तो काढा घेतला. दुपारी पोटात असा मुरडा उठला की ती मोरीतच आडवी झाली. आशाबाईने पाठ चोळली, डोकं धरलं. ओकारीच्या मधल्या उसंतीत गायत्री तिच्याकडे पाहून हसली. "कळा येताहेत, आई. म्हणजे असर होतोय."

त्या संध्याकाळी आशाबाईने लेकाला गच्चीवर गाठलं.

"सांग तिले. आजच्या आज सांग."

"सांगणार आहे, आई."

"कधी? उन्हाळा जाऊ दे म्हणालास, गेला. तिच्या भाच्याची मुंज होऊ दे म्हणालास, झाली. ती जहर पिऊ राहिली, योगा!"

"ती मालूबाई आली ना परत, तर दारातूनच..."

"मालूबाईवर काहून घसरू राहिला? तिले काय ठाऊक? ठाऊक आपल्याले आहे."

योगेंद्र कठड्याला टेकला. दिवसभर पोरांना गणित शिकवून घसा बसलेला. "आई, तू तिला तिथे पाहिलं नाहीस. बाळाचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ठीक है, अगली बार. लगेच. अगली बार. डोळ्यांत पाणीसुद्धा नाही. त्याच्यावर उभी आहे ती. मी तेच काढून घेऊ? मग उभी कशावर राहील? आणि सही मी केली. ती मलाच विचारेल ना."

एवढा मोठा बाप्या, आणि चेहरा असा, जसा लहानपणी काच फोडून आल्यावर व्हायचा.

"दिवाळी होऊ दे," तो म्हणाला. "तुला शपथ आहे माझी."

श्रावण आला. कानबाईच्या सणाच्या आदल्या आठवड्यात, भांडी घासून झाल्यावर आशाबाई पदराला हात पुसत होती, तोच आतून हाक आली. इतक्या महिन्यांत असा आवाज या घरात उमटला नव्हता.

"आई! आई, लवकर या!"

शेवटी उरलेल्या कुंड्यांपैकी एकीत, राखेने काळ्या पडलेल्या बुडख्याच्या कडेला, गव्हाच्या दाण्याएवढं काहीतरी हिरवं होतं. गायत्रीने हातबत्ती मारून दाखवलं, कारण जांभळ्या उजेडात हिरवं हिरवं दिसतच नव्हतं. "पान आहे. पान आहे हो! तुमचं पील आलं!" तिने आशाबाईला मिठीच मारली. तिची हाडं आशाबाईला टोचली. "तुम्ही बरोबर होता, आई. मीच म्हणाली केळ नाही म्हणून. उगाच रडवलं तुम्हाला."

आशाबाईला आनंद झाला नाही असं कसं म्हणावं? झाला. हातून मेलेलं काहीतरी जिवंत झालं होतं. पण तो आनंद अजून पुरता टेकलाही नव्हता, तोच गायत्री तिच्या कानाशी म्हणाली, "आता माझंही होणार. पाहा तुम्ही."

त्या दिवसापासून गायत्री बदलली. केसांना तेल लावलं. मालूबाईच्या घरी जाऊन पेढे देऊन आली. जुनी पेटी उघडून तिने लंगोट, टोपडी, दुपटं बाहेर काढलं, धुतलं आणि गच्चीवर वाळत घातलं. गल्लीतली एक म्हातारी वर पाहून आशाबाईला म्हणाली, "गोड खबर आहे वाटते!" आशाबाईने मान खाली घातली, आणि म्हातारीने ती होकाराची समजली.

"पाहू राहिला का, दोरीवर काय वाळू राहिलं ते?" आशाबाईने लेकाला विचारलं. त्याने वर पाहिलं, आणि चपला घालून तो बाहेर निघून गेला.

कानबाईचा रविवार. योगेंद्र सकाळीच मांडवाला केळीचे खांब आणायला फोपनारला गेला होता. बाहेर भुरभुर चालली होती. रविवार असल्याने माग बंद, म्हणून घरात आपलाच श्वास ऐकू यावा असं शांत. आशाबाईने नारळ धुतला, त्याला हळद लावली, डोळे रेखले, नथ घातली. पाटावर धान्याची रास करून त्यावर तांब्या, तांब्यावर तीच नारळाची कानबाई. नैवेद्याच्या रोटाचं पीठ ताटात झाकून ठेवलं.

गायत्री लग्नातला शालू नेसून आली. हातात ती कुंडी. कोंब आता नखाएवढा झाला होता. तिने कुंडी कानबाईच्या शेजारी ठेवली, तिला हळदीकुंकू वाहिलं आणि पदर घेऊन पाटासमोर बसली.

"आई, नवस बोलायचाय मला. पुढच्या श्रावणात कानबाईला चांदीचा पाळणा."

आशाबाईने हातातली वात दिव्यात घालून पेटवली. "योगाले येऊ दे. मग बोल."

"ते काय, पुरुषांचं काय काम यात? मालूबाई सांगत होती, तुमच्यात नवस घरातली मोठी बाई सांगते आणि मागणारी तिच्या मागे म्हणते. तसंच असतं ना?"

तसंच असायचं. आशाबाईच्या सासूने तिला असंच सांगितलं होतं, आणि तिच्या मागे शब्द शब्द म्हणत आशाबाईने योगेंद्रला मागून घेतलं होतं. सांगणारीचा शब्द आधी देवीपुढे पडतो. मागणारीचा नंतर.

"सांगा ना, आई. मी म्हणते तुमच्या मागे."

दिव्याची ज्योत सरळ उभी होती. आशाबाईला वाटलं, वीज जावी, वारा यावा, दारात कोणी यावं. केळीचे खांब घेऊन लेक तरी यावा. कोणी आलं नाही.

"कानबाई माय," ती म्हणाली.

"कानबाई माय," गायत्री म्हणाली.

"मी तुझ्या पायाशी बसली."

"मी तुझ्या पायाशी बसली."

"मी गायत्री, योगेंद्रची अस्तुरी."

"मी गायत्री, योगेंद्रची अस्तुरी." गायत्रीचे डोळे मिटलेले होते, हात जोडलेले, आणि चेहऱ्यावर किती दिवसांनी रंग होता. ती वाट पाहत राहिली. मग डोळे न उघडताच म्हणाली, "पुढचं?"

पुढचं आशाबाईला येत होतं. जिभेवर होतं. फक्त ओटीपोटाचं नाव घेऊन मागायचं होतं, की माय, ही कूस भरू दे. तिने तोंड उघडलं, आणि तो शब्द देवीपुढे टाकायला तिची जीभ वळेना. लेकाची शपथ आठवली. ती मनात म्हणाली, माय, काय लागायचं ते मला लागू दे, त्याला नको.

मग ती पुढे सरकली आणि गायत्रीचे जोडलेले हात तिने आपल्या हातांत धरले.

"गायत्री, डोळे उघड. हे माझ्या मागं म्हणू नको, नुसतं ऐक." तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "पाळी येणार नाही, बेटा. तुझी पिशवी काढली. इंदूरले, त्याच दिवशी, तुझा जीव जाऊ राहिला होता म्हणून. योगाले ठाऊक आहे. मलेबी तेव्हापासून ठाऊक आहे."